धूर हंडीत, घरात नको

संध्याकाळी पुण्याहून सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस म्हणजे माझ्यासाठी माहेरची गाडी. भिगवणच्या आसपास उजनीचे पाणी असते, पण तोवर बाहेर अंधार झालेला असतो. कुर्डुवाडी आली की लोक वरचे सामान खाली काढू लागतात. मोहोळ गेले की सोलापूर आलेच. या गाडीचे नाव सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून पडले आहे : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. आमच्या खाला मला स्टेशनवर सोडायला यायच्या तेव्हा ही चारही नावे माझ्याकडून म्हणवून घ्यायच्या. चौथे नाव घेताना त्या थोड्या ताठ उभ्या राहायच्या.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या जुन्या दाखल्यासाठी मला सोलापूरला जावे लागले. मुलांची शाळा चालू असल्यामुळे एकटीच गेले. मुक्काम दोन रात्रींचा. काम दाखल्याचे होते, पण मी परत येताना घेऊन आले ती गोष्ट वेगळीच आहे. माझ्यासारख्या दिवसभर बाहेर राहून रात्री घाईत चूल पेटवणाऱ्या बहिणींच्या ती उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

खालांचे घर पूर्वी बेगम पेठेत होते. दोन खोल्या, पुढे फरशीचा ओटा आणि मागे पत्र्याखाली चूल. आता मामेभाऊ-मावसभाऊ सगळे पांगले, ते घर विकले गेले आणि खाला मुलासोबत नई जिंदगी भागात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. वस्तीचे नावच नई जिंदगी. भाऊ विनोदाने म्हणतो, ‘‘पत्ता सांगितला की लोकांना वाटतं मी शेर ऐकवतोय.’’

माझ्या लहानपणीचे सोलापूर मला आठवते ते वासांनी. चादरींच्या कारखान्यांजवळचा रंगाचा आणि ओल्या सुताचा वास. बिड्या वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवरचा तंबाखूचा आणि तेंदूपानाचा वास. आणि या सगळ्यांवर धुराचा वास. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिला गाव ‘जुनी मिल’ म्हणत आले. नानी सांगायच्या की गिरणीच्या भोंग्यावर लोक उठत आणि चिमणीचा धूर कुठे वळतो ते पाहून वाऱ्याची दिशा ओळखत. गिरण्या एकेक करून बंद झाल्या. साखर कारखान्याची उंच चिमणी विमानतळाच्या आड येते म्हणून २०२३ साली पाडली, ती पडतानाचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. खाला तो पाहून एवढेच म्हणाल्या, ‘‘गावातल्या सगळ्या चिमण्या गेल्या. आमच्या छातीतली तेवढी राहिली.’’

खालांना दमा आहे. त्यांनी कधी विडी ओढली नाही, तंबाखू खाल्ला नाही. वयाच्या दहाव्या वर्षापासून चुलीपुढे बसल्या, एवढेच. पत्र्याखाली धूर कोंडायचा. पावसाळ्यात ओले सरपण, मग फुंकणी, मग खोकला. घरात अकरा माणसे होती आणि ज्वारीच्या भाकऱ्या दोन वेळा व्हायच्या. डोळे लाल होणे, पदराने नाक पुसणे याला त्या काळी कोणी आजार म्हणत नसे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की स्वयंपाकाच्या इंधनामुळे घरात कोंडणाऱ्या दूषित हवेने २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसांचा जीव गेला. हा आकडा वाचला की मला आकडा दिसत नाही. पत्र्याखाली भाकरी थापणारी खाला दिसते.

पण खरे सांगायचे तर त्याच चुलीवरची एक चव आम्हा सगळ्या भावंडांच्या जिभेवर बसलेली आहे. पाहुणे आले की नाना मुरगी आणायचे. तंगड्या बाजूला काढून त्यांना तिखट-मीठ-दही लावले जायचे आणि रात्री भाकऱ्या झाल्यावर चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर जाळी ठेवून त्या भाजल्या जायच्या. चरबी निखाऱ्यावर टपकली की चर्र आवाज व्हायचा, धुराचा एक लोट उठायचा आणि तोच धूर तंगडीला लागायचा. विजापूर वेशीत शीकवाल्याच्या शेगडीजवळून जाताना आजही तोच वास येतो. रमजानमध्ये तिथे रात्रीचा बाजार भरतो, तेव्हा तर त्या वासातून वाट काढत चालावे लागते.

आता नळीतून येणारा गॅस, वर एक्झॉस्ट पंखा आणि काचेची खिडकी. चूल गेली ते फार चांगले झाले. पण चूल गेली तशी ती तंगडीही गेली.

ती परत आणायच्या नादात मागच्या डिसेंबरात या घरात जे घडले, ते भाभीने मला पहिल्याच रात्री सांगितले. दवाखान्यातून ड्यूटी करून ती घरी आली होती. ती स्वतः लॅबमध्ये काम करते. मुलांनी हट्ट धरला म्हणून जुनी लोखंडी शेगडी माळ्यावरून काढली, स्वयंपाकघरातच पेटवली आणि तंगड्या भाजल्या. थंडी होती म्हणून खिडकी लावून घेतलेली. जेवण झाले. निखाऱ्यांचा धूर संपला होता, नुसते लालबुंद धगधगत होते. भाऊ म्हणाला, ‘‘राहू दे, उबारा येतोय.’’ शेगडी तशीच ठेवून मुले तिच्याभोवती अभ्यासाला बसली.

अर्ध्या तासाने धाकटा म्हणाला, डोकं दुखतंय. मोठीला उलटी झाली. भाभीला वाटले, तिखट बाधले. ती उठायला गेली तर पाय लटपटले. तेवढ्यात शेजारच्या भाभी वाटी परत द्यायला आल्या. दार उघडायला कोणी लवकर येईना म्हणून त्यांनी जोरजोरात वाजवले. भावाने कसेबसे उघडले. त्यांनी आत पाऊल टाकले, मुलांचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता सगळ्या खिडक्या धडाधड उघडल्या, मुलांना ओढत गॅलरीत नेले. दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. सकाळपर्यंत सगळे शुद्धीवर आणि सुखरूप. अल्लाहने राखले.

डॉक्टरांनी समजावले ते असे. कोळसा धगधगतो तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला जेवढे धरून ठेवते, त्याच्या २०० पटींहून अधिक घट्ट या वायूला धरते. त्यामुळे श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, त्या बातम्या यामुळेच असतात.

खाला त्या रात्री आतल्या खोलीत दार लावून झोपल्या होत्या, म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेगडी भंगारवाल्याला दिली. ‘‘आमच्या चुलीचा धूर दिसायचा,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘दिसायचा म्हणून खोकत का होईना, बाहेर पळायचो. जे दिसतच नाही त्यापासून माणूस पळणार कुठे?’’

वर्षभर त्या घरात कोळसा आला नाही. मग मुलांनी नव्हे, खालांनीच विषय काढला. आजारातून उठल्यावर तोंडाला चव नव्हती आणि त्यांना तीच तंगडी खावीशी वाटली. भाभीने विचार केला, चार-पाच घरी विचारले आणि धुंगार देण्याची रीत घरात आणली. खालांनी एकच अट घातली. त्यांची दखनी जशीच्या तशी सांगते : ‘‘धुवाँ हंडी में रहना, घर में नक्को.’’

धुंगार नवा नाही. हैदराबादपासून लखनौपर्यंत डाळ, कबाब, वांग्याचे भरीत यांना तो दिला जातो. सोलापूर तर अशा चवींच्या वाटेवरच बसलेले. इथला भुईकोट किल्ला कधी अहमदनगरच्या निजामशाहीकडे, कधी विजापूरच्या आदिलशाहीकडे असायचा. चांदबिबीच्या लग्नात तो आंदण म्हणून विजापूरला गेला. किल्ल्याबरोबर माणसेही येत-जात राहिली आणि माणसांबरोबर त्यांच्या हंड्या.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. माझे काम दुपारी आटोपले. भाभी साडेसहाला घरी आली आणि सव्वाआठला दस्तरखान अंथरला गेला. मधल्या वेळेत मगरिबची नमाज झाली, धाकट्याचा गृहपाठही झाला. म्हणजे ही काही ईद-बकरीदची तयारी नव्हे. रोजच्या रात्रीचे जेवण आहे. ती कशी करते ते मी शेजारी उभी राहून पाहिले.

अर्धे काम सकाळीच झालेले असते. एक किलो तंगड्या, म्हणजे आठ ते दहा. प्रत्येकीला हाडापर्यंत जातील अशा तीन चिरा. एक वाटी घट्ट दही, दोन चमचे आले-लसणाची पेस्ट, दीड चमचा लाल तिखट, एक चमचा सोलापुरी काळे तिखट, अर्धा चमचा हळद, एक चमचा धनेपूड, अर्ध्या लिंबाचा रस, दोन चमचे तेल आणि चवीपुरते मीठ. सगळे चोळून डबा फ्रिजमध्ये आणि भाभी ड्यूटीवर. दही पातळ असेल तर ते फडक्यात बांधून पाणी काढायचे, नाहीतर तंगडी भाजली न जाता शिजत राहते.

रात्री जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल तापवून तंगड्या एका थरात लावल्या. मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटे दोन्ही बाजू लाल केल्या. मग झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटे, मध्ये एकदा उलटून. शेवटी झाकण काढून पाच मिनिटे, म्हणजे सुटलेले पाणी आटून मसाला अंगाला धरतो. हाडाजवळ सुरी खुपसली की रस स्वच्छ आला पाहिजे, गुलाबी नको. धुंगार फक्त वास देतो, मांस शिजवत नाही. म्हणून कच्ची तंगडी धुरावर पक्की होईल या भरवशावर राहू नये.

तंगड्या शिजत असताना कोळशाचे काम. कोळसा लाकडी हवा, लोणारी कोळसा म्हणतात तो. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे बाभळीचा मिळतो. भाभीने एका डब्यात थोडा भरून ठेवला आहे. दगडी कोळसा अन्नाजवळ आणायचा नाही आणि रॉकेल शिंपडून तर कोळसा पेटवायचाच नाही. लिंबाएवढा एक तुकडा, फार तर दोन. पापड भाजायच्या जाळीवर ठेवून गॅसवर सहा-सात मिनिटांत तो सगळीकडून लाल होतो. तेवढा वेळ खिडकी सताड उघडी, पंखा चालू.

इथून पुढचे सगळे गॅलरीत. शिजलेल्या तंगड्यांचे पातेले भाभीने आधीच बाहेर नेऊन स्टुलावर ठेवले होते. तंगड्या कडेला सारून मधोमध कांद्याचे जाड साल वाटीसारखे बसवले. स्टीलची छोटी वाटीही चालते. खालांना आतल्या खोलीत बसवून मधले दार लावले. मग चिमट्याने निखारा आणून त्या सालात ठेवला, एक लवंग टाकली, वर अर्धा चमचा तूप सोडले. चर्र झाले, पांढरा धूर उसळला आणि भाभीने झटकन झाकण दाबले. झाकणाच्या फटीवर ओले फडके गुंडाळले. पाच मिनिटे. मोबाइलवर गजर लावून. दहा मिनिटांच्या वर गेले तर चव कडवट होते.

मी विचारले, ‘‘एवढ्याशा निखाऱ्यात एवढा धूर?’’ भाभी हसली. ‘‘आपा, हा धूर कोळशाचा नाहीच, तुपाचा आहे. लाल झालेला कोळसा फारसा धूर देत नाही, म्हणून तर तो फसवतो.’’ मला हे कधी सुचले नव्हते. तूप जळते, त्याच्या धुरातली वासाची द्रव्ये तंगडीवरच्या ओल्या मसाल्यात आणि चरबीत विरघळतात. म्हणून कोरड्या पदार्थाला धुंगार नीट लागत नाही आणि दही-तेलाच्या मसाल्याला लगेच लागतो. म्हणजे नानांच्या काळी जी चव आम्हाला निखाऱ्यांची वाटायची, ती खरे तर त्यावर टपकणाऱ्या चरबीची होती.

झाकण उघडताना तोंड बाजूला, वारा पलीकडे. निखारा चिमट्याने उचलून पाण्याच्या डब्यात टाकला. नुसता राखेत पुरला किंवा कचऱ्यात टाकला असे नाही. पाण्यात. तो थंड झाल्याचे हाताने पाहिल्याशिवाय भाभी गॅलरीतून हलली नाही.

त्याच वेळी अमेरिकेतल्या माझ्या धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. पातेले पाहून त्याने आपल्या अंगणातला लोखंडी स्मोकर दाखवला. तिकडे लोक तंगड्या अशा पेटाऱ्यात सुमारे ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या मंद आचेवर दीड-दोन तास ठेवतात. त्यात हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे जळत असतात. मांस त्या धुरातच शिजते. चव उत्तम, पण सुट्टीच्या दिवसाचे काम. ‘‘तुमचं पाच मिनिटांत झालं?’’ तो म्हणाला. भाभीने मात्र त्याला एकच प्रश्न विचारला, ‘‘भाईजान, ते यंत्र घरात ठेवता की बाहेर?’’ तो म्हणाला, ‘‘घरात कसं ठेवणार? बाहेरच.’’ भाभीने माझ्याकडे पाहिले.

दस्तरखानावर तंगड्या, गरम ज्वारीची भाकरी, सोलापूरची शेंगांची चटणी, उभा चिरलेला कांदा आणि लिंबू. पण त्याआधी एका बशीत दोन तंगड्या आणि भाकरी झाकून मोठ्या मुलीने शेजारच्या भाभींकडे नेली. या घरात धुंगार दिला की पहिली बशी त्याच दाराला जाते. शेजाऱ्याचा हक्क आपण लहानपणापासून ऐकत आलो. हा वास तर भिंतीपलीकडे आधी पोहोचतो, मग बशी मागे का राहावी? आणि त्या शेजारणीने एका रात्री हे दार वाजवले नसते तर दस्तरखान अंथरायला कोण उरले असते, हे त्या घरात कोणी बोलून दाखवत नाही. बशी नेऊन देतात.

खालांनी बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी तंगडी परत नाकाजवळ नेली, डोळे मिटले, मग सावकाश खाऊ लागल्या. खोकला आला नाही. एक पूर्ण तंगडी खाऊन झाल्यावर म्हणाल्या, ‘‘अम्मीच्या हातची आहे.’’ मग थोडे थांबून, ‘‘अम्मी बिचारी धूर खाऊन आम्हाला ही चव द्यायची. आम्ही तिला कधी विचारलं नाही.’’

कोणी काही बोलले नाही. धाकट्याने आणखी एक तंगडी मागितली आणि जेवण पुढे सुरू झाले.

रात्री इशानंतर मी गॅलरीत उभी होते. समोरच्या इमारतींत एकेका स्वयंपाकघरातला दिवा विझत होता. मला वाटले, आपण जुन्या दिवसांची आठवण काढतो तेव्हा चव आठवतो, ती कोणाच्या जिवावर मिळत होती ते विसरतो. ‘चुलीवरच्या जेवणाची सर नाही’ असे म्हणणारे बहुधा चुलीपुढे बसलेले नसतात. चव टाकून द्यायची गरज नाही. पण ती घेताना धुराचे माप ठरवायचे आणि तो कोणाच्या छातीत जाणार नाही याची काळजी घ्यायची. एवढे केले की नानींची तंगडी बुधवारच्या रात्रीही होते.

तुम्ही करून पाहणार असाल तर खालांच्या घरचे नियम लक्षात ठेवा. कोळसा लिंबाएवढा एकच, दोनच्या वर नाही. पेटवताना खिडकी उघडी, धुंगार गॅलरीत, गच्चीवर किंवा अंगणात. ज्यांना गॅलरी नाही त्यांनी उघड्या खिडकीला लागून करावे आणि झाकणही खिडकीबाहेर तोंड करून उघडावे. तीही सोय नसेल तर हा नाद सोडून द्यावा. दमेकरी, गरोदर बाई आणि लहान मुले त्या वेळी दुसऱ्या खोलीत. निखारा काम होताच पाण्यात. आणि थंडी कितीही असो, पेटती शेगडी बंद खोलीत उबेसाठी ठेवू नका. निखारे शांत दिसले तरी नाही. घरात शेगडी किंवा बंब असेल आणि एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळले, तर जेवणाला दोष देत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग दवाखाना गाठा.

परतताना भाभीने माझ्या पिशवीत शेंगांची चटणी, कडक भाकऱ्या आणि एका छोट्या डब्यात चार-पाच कोळसे घातले. स्टेशनवर या वेळी भाऊच आला होता. खालांना आता जिने उतरवत नाहीत. गाडी सुटायच्या आधी त्यांचा फोन आला. मला वाटले, दुआ देतील. ती दिलीच, पण आधी विचारले, ‘‘बेटी, कोंढव्याच्या तुझ्या स्वयंपाकघराला खिडकी आहे ना?’’

‘‘आहे, खाला.’’

‘‘उघडते का?’’

मी क्षणभर गप्प झाले. दोन वर्षांपासून त्या खिडकीपुढे आम्ही पाण्याची टाकी आणि रिकामी बरण्यांची रांग लावून ठेवली आहे.

घरी पोहोचल्यावर आधी ती टाकी हलवली. तंगड्या दुसऱ्या दिवशी.